पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत रेंज(१, १०) लिहिलं तर लूप, म्हणजे तेच काम फेरीफेरीने करणारा भाग, ९ वरच का थांबतो?

रेंजमधला दुसरा आकडा मोजणीत धरतच नाहीत, त्याच्या अलीकडे लूप थांबतो. म्हणून १ ते १० हवे असतील तर रेंज(१, ११) लिहा. खानापूर, निपाणीकडून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) कॉम्प्युटर सायन्स घेऊन माझ्याकडे येतात, त्यातली बहुतेक पहिल्यांदा इथंच अडतात. नियम पाठ करू नका, कारण बघा. लिस्टमधली, म्हणजे पायथॉनमधल्या यादीतली मोजणी शून्यापासून सुरू होते. समजा लिस्टमध्ये बेळगाव, देसूर, खानापूर, लोंढा अशी चार स्टेशनं आहेत. बेळगावचा क्रमांक ०, लोंढ्याचा ३. एकच आकडा दिला तर रेंज ० पासून सुरू होतो, म्हणून रेंज(४) नेमके ०, १, २, ३ देतो. चार स्टेशनं, चार फेऱ्या, वजाबाकी करायची गरज नाही. शेवटचा आकडाही धरला असता तर ४ क्रमांकाचं स्टेशन शोधताना प्रोग्राम इंडेक्स एररने (नसलेला क्रमांक मागितल्याची चूक) बंद पडला असता. मला ही रचना फार सोयीची वाटते: रेंज(०, ५) आणि रेंज(५, १०) एकापाठोपाठ चालवले तरी एकही आकडा सुटत नाही की दोनदा येत नाही.

मात्र हे पायथॉनपुरतं. कॉलेजात सी प्लस प्लस ही दुसरी भाषा असेल तर तिथं फॉर लूपची अट तुम्हीच लिहिता. फेऱ्या मोजणाऱ्या आकड्याला ‘आय’ म्हणू: ‘आय १० पेक्षा लहान’ लिहिलंत तर ९ वर थांबेल, ‘लहान किंवा समान’ लिहिलंत तर १० छापेल. उलटं मोजायचं असेल तर पायथॉनमध्ये रेंज(१०, ०, -१); तिसरा आकडा म्हणजे दर फेरीला एकाने कमी. इथंही ० येत नाही, १ वर संपतं. पहिले काही दिवस वहीत ‘आय’ची किंमत फेरीगणिक लिहून काढा.