गणितातल्या 'स्क्रिप्ट' अक्षरांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: गणितावरच्या लेखाचे भाषांतर करताना 'स्क्रिप्ट फाँट'साठी 'लिपी-टंक' हा शब्द योजला, तो चालेल का? आणि 'कॅलिग्राफिक' व 'स्क्रिप्ट' ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत का?

'लिपी-टंक' नको. इंग्रजीत स्क्रिप्ट म्हणजे लिपी, आणि हाताने लिहिल्यासारखे अक्षरही. इथे दुसरा अर्थ आहे. लिपी रोमनच राहते, बदलते ते अक्षराचे वळण. 'अक्षराला छान वळण आहे' असे आपण म्हणतोच, म्हणून मी सरळ 'वळणदार अक्षर' म्हणेन.

'सुलेखन-टंक' ऐकायला गोड आहे, पण त्यात सजावटीचा वास येतो, आणि गणितात हे अक्षर नटायला येत नाही. साधा एल म्हणजे लांबी असेल, तर वळणदार एल म्हणजे लाप्लास रूपांतर. साधा ए हा संच, वळणदार ए हे संचांचे कुल. वळण गेले की अर्थ गेला. म्हणूनच 2001 साली युनिकोडच्या (संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारे प्रमाण) 3.1 आवृत्तीत अशा बहुतेक अक्षरांना स्वतंत्र संकेतांक मिळाले. एरवी युनिकोड निव्वळ वळणासाठी वेगळा संकेतांक देत नाही.

आता दुसरा प्रश्न. लाटेक (गणिती मजकूर छपाईसाठी जुळवायची संगणकप्रणाली) वापरणाऱ्यांना 'मॅथकॅल' (कॅलिग्राफिक) आणि 'मॅथस्क्र' (स्क्रिप्ट) या दोन आज्ञा माहीत असतात. पहिलीतले अक्षर आटोपशीर, तिरक्या कापलेल्या रुंद टोकाच्या लेखणीने काढल्यासारखे. दुसरीतले मोठ्या गाठी-वेलांट्यांचे, टोकदार निबाने लपेटून लिहिल्यासारखे. बोरू माहीत असलेल्याला फरक लगेच कळेल. मी त्यांना 'बोरूवळण' आणि 'लपेटवळण' म्हणतो. (शब्द माझेच आहेत, पटले तर घ्या.) युनिकोडने मात्र दोन्हींना एकच संकेतांक दिला. दोन्ही वळणे एकाच लेखात वेगळ्या अर्थांनी वापरणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होई. 2021 च्या 14.0 आवृत्तीत अक्षरामागे एक अदृश्य खूण जोडून यातले कोणते वळण हवे ते सांगायची सोय झाली. अर्थात टंकाने ती खूण मानली तरच उपयोग.

लाटेकच्या मूळ टंकात 'मॅथकॅल'ला फक्त मोठी अक्षरे आहेत. छोटा एफ दिलात तर छापून येतो महिरपी कंस! ही चूक नव्हे, त्या टंकात त्या जागी कंसच बसवला आहे.

नावांच्या घोळाचा आणखी एक नमुना: गणितज्ञ वायरश्ट्रासच्या फलनाचे चिन्ह हे छोटे वळणदार पी, पण युनिकोडमध्ये त्याचे नाव 'स्क्रिप्ट कॅपिटल पी'. एकदा दिलेले नाव बदलायचे नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे शेवटी शेजारी दुसरे, बरोबर नाव जोडावे लागले. तेव्हा भाषांतरात 'मोठा पी' लिहू नका.