एलडीएल नॉर्मल, मग गोळी कशाला?

मी कोल्हापुरात डायबेटीसच्या पेशंटना समुपदेशन करते, आणि आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. मागे एक काका आले होते, वय 56, शुगर निघून नऊ वर्षं झालेली, धंदा टेंपो भाड्याने देण्याचा. खुर्चीत बसायच्या आधीच रिपोर्ट टेबलावर आपटला. एलडीएलच्या, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात त्याच्या, आकड्याभोवती पेनाने तीन वेळा गोल केलेला. 104. "मॅडम, हे नॉर्मल आहे ना? मग डॉक्टर कोलेस्टेरॉलची गोळी का माथी मारतायत? मी बंद केली दोन महिन्यापूर्वी."

काकू शेजारी गप्प, पिशवी मांडीवर.

मी म्हटलं काका, बाकीचे आकडे पण बघूया की. एकूण कोलेस्टेरॉल 190, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 260, आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 34. त्यांच्या धंद्याचंच बोलले मग. समजा तुम्हाला दहा टन गूळ पोचवायचाय, तो दोन मोठ्या ट्रकमधून जाईल नाहीतर दहा छोट्या हत्तीतून, वजन तेच पण रस्त्यावर गाड्या किती वाढल्या? एलडीएलचा आकडा नुसता माल, म्हणजे कोलेस्टेरॉल, मोजतो, ते रक्तातून वाहून नेणारे कण, म्हणजे गाड्या, नाही. डायबेटीसमध्ये गाड्या बारीक होतात आणि संख्येने वाढतात, आणि बारीक गाडी बोळात शिरते तशी ती रक्तवाहिनीच्या अस्तरातून आत शिरते, तिथं अडकते, खराब होते, मग तिला गिळायला आलेल्या पेशी चरबीने फुगून तिथंच बसतात आणि हळूहळू थर चढतो.

"पण मी तेलकट खातच नाही!" हे पण ठरलेलंच वाक्य. अहो, इन्सुलिनचं शरीर ऐकेनासं झालं की पोटावरची चरबी सुटून लिव्हरकडे जात राहते, लिव्हर तिच्या ट्रायग्लिसराइडने भरलेल्या गाड्या करून रक्तात सोडतं. वर दिवसाला चार गोड चहा. या गाड्या वाटेत एचडीएलशी मालाची अदलाबदल करतात. एचडीएल म्हणजे आपली घंटागाडी, कोलेस्टेरॉलचा कचरा उचलून लिव्हरला नेणारी, तिच्यातच ट्रायग्लिसराइड भरलं की ती लवकर मोडीत निघते. म्हणून 34. (मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं एलडीएल बघून "छान आहे" म्हणायचे, आता लाज वाटते.)

मग त्यांना एक वजाबाकी करायला लावली. एकूणातून एचडीएल वजा, म्हणजे घंटागाडी सोडून बाकी सगळ्या गाड्यांतला माल. 156. डायबेटीसवाल्यांचा हा आकडा निदान 130 च्या खाली तरी हवा, आणि धोका जास्त असेल किंवा आधीच हृदयाचा त्रास असेल तर अजून खाली.

काकांनी व्हॉट्सॲपवर वाचलं होतं की या गोळीने शुगर वाढते. खोटं नाही ते, थोडी वाढू शकते. पण 2004 मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधल्या एका चाचणीचे निकाल आले, 2800 च्या वर डायबेटीसचे पेशंट, एलडीएल फार नसलेले, त्यांना अ‍ॅटॉरवास्टॅटिन 10 मिलिग्रॅम (कोलेस्टेरॉलचीच गोळी) दिली तर हार्ट अटॅक, स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा जवळजवळ दोन वर्षं आधी थांबवली. हे ऐकून काका जरा वेळ रिपोर्टच बघत बसले.

गोळी परत चालू करायची का हे डॉक्टरांनीच सांगितलं, मी नाही. मी फक्त चहा चारावरून दोनवर आणला, बिनसाखरेचा, आणि रात्री जेवून लगेच आडवं न होता अर्धा तास चालायला लावलं. शुगर आटोक्यात आली की ट्रायग्लिसराइड बरंच उतरतं, पण बारीक गाड्यांचं सगळं गणित तेवढ्याने सुटतंच असं नाही, हे पण बजावलं.

तीन महिन्यांनी एकूण 158, एचडीएल 36. दारातूनच ओरडले, "122, मॅडम!"

मग काकूंनी पिशवीतून हळूच स्वतःचा रिपोर्ट काढला. त्यांनाही शुगर, कधी बोलल्याच नव्हत्या. एकूण 212, एचडीएल 41. मी पेन घ्यायच्या आत काकांनीच वजाबाकी केली.