आरएनए पेशीत आपोआप पसरतो की त्याला कोणी नेतं?
बराचसा आपोआपच पसरतो, पण सगळा नाही. यीस्टचं बघा, मूळ पेशीला अंकुर फुटून लेक पेशी फुगते आणि ॲश१ नावाचा एमआरएनए (प्रोटीन बनवायची कृती नेणारा आरएनए) आईकडे न राहता बरोब्बर लेकीच्या टोकाला जाऊन बसतो. नेतं कोण, तर मायोसिन, म्हणजे आपल्या स्नायूंत असतं त्याच घराण्यातलं प्रोटीन, ते पेशीतल्या ॲक्टिन या प्रोटीनच्या धाग्यावरून पावलं टाकत जातं आणि शी२, शी३ ही प्रोटीन्स माल धरून ठेवतात. १९९८ मध्ये रॉबर्ट सिंगर यांच्या टीमने या आरएनएला जीएफपीचा, म्हणजे हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनचा, दिवा लावून जिवंत पेशीत तो ठिपका सरकताना चक्क बघितला, मला तर हा प्रयोगच जास्त आवडतो. एवढा खटाटोप कशाला? त्यातून बनणारं प्रोटीन लेकीला मेटिंग टाइप, म्हणजे यीस्टचं एक प्रकारचं लिंग, बदलू देत नाही, आई मात्र बदलू शकते.