आठ माणसांचा भाजीपाला

‘दुसऱ्या महायुद्धात ज्यू कुटुंबांना लपवणारी साधी माणसे त्यांना वर्षानुवर्षे जेवू कशी घालत असतील?’ असे आपण विचारले आहे. लपण्याची जागा एकदा तयार केली की भागते, पण जेवण रोज लागते, आणि नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये अन्न रेशनवर मिळत असल्यामुळे ही अडचण फार मोठी होती.

ॲम्स्टरडॅममध्ये ॲन फ्रँक आणि तिच्यासोबतची माणसे, एकूण आठ जण, ज्या कार्यालयामागे लपले होते, तेथील मीप खीस ही कर्मचारी त्यांचा भाजीपाला व मांस आणत असे, तर पाव आणि दूध बेप व्होस्क्यूल पाहत असे. रेशनची कूपने मीपचे पती यान प्रतिकार चळवळीतील ओळखीतून मिळवत. लपण्यापूर्वी हेर्मान फान पेल्स यांनी मीपला आपल्या ओळखीच्या खाटकाकडे मुद्दाम सोबत नेले होते. तिचा चेहरा खाटकाच्या लक्षात राहावा, एवढाच त्यामागे हेतू होता.

मला मात्र सर्वांत अधिक आदर वाटतो तो हेन्ड्रिक फान हूव्हे या जवळच्या भाजीवाल्याबद्दल. ही बाई एवढी भाजी कोणासाठी नेते, हे त्याने कधी विचारले नाही. उलट तो तिच्यासाठी माल बाजूला काढून ठेवी. एप्रिल १९४४ मध्ये त्या इमारतीत रात्री चोर शिरले, तेव्हा फुटलेले दार पत्नीसह जाताना त्याच्या दृष्टीस पडले, परंतु पोलीस आले तर आत काय सापडेल याचा अंदाज असल्यामुळे त्याने त्यांना कळवले नाही. कोणीही त्याला विश्वासात घेतले नव्हते. माझ्या मते ज्यांच्या नावावर एकही लपलेले कुटुंब नोंदले गेले नाही, अशी कितीतरी माणसे या आठ जणांच्या आणि त्यांच्यासारख्या इतर लपलेल्यांच्याही जिवाला आधार होती.

फान हूव्हेने तर स्वतःच्या घरातही दोन ज्यूंना आश्रय दिला होता. त्याबद्दल मे १९४४ मध्ये त्याला अटक झाली आणि त्याची रवानगी छळछावण्यांत झाली, ज्यांतून तो पुढे जिवंत परतला. त्याच्या अटकेचा परिणाम त्याच दिवशी कार्यालयामागच्या स्वयंपाकघरात दिसला: सकाळची न्याहारी बंद, दुपारी लापशी आणि पाव, रात्री बटाटे. उपाशी राहावे लागेल, पण पकडले जाण्यापेक्षा ते बरे, असे ॲनने आपल्या डायरीतील त्या दिवशीच्या नोंदीत लिहिले.