उणे अकरा नंबर आणि कांदेबागेची एफडी

रावेर तालुक्यातल्या पंचवीस वर्षांच्या एका वाचकाचा प्रश्न: डोळ्यांचा नंबर उणे 11 आणि उणे 10.5, दोन वर्षांपासून स्थिर. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, जाडी 510 मायक्रॉन. लॅसिक 45 हजारांत होतंय, डोळ्यात भिंग बसवायचं आयसीएल दोन लाखांत. केळीच्या कांदेबाग लागवडीच्या रोपांसाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी मोडू, की लॅसिक उरकून घेऊ?

भाऊ, आधी लॅसिकचं बघू. त्यात लेसरने कॉर्निया पातळ करतात, एका नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन. तुमच्या अकरा नंबराला दीडशेच्या आसपास जाणार, वर उचलायच्या पापुद्र्याचे (फ्लॅपचे) शंभरेक. खाली उरले 260. किमान 250 तरी उरावेत असं मानतात आणि बरेच सर्जन 300 राखतात. पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगला तर तो खर्च वेगळाच. मी डॉक्टर नाही, पण एवढी वजाबाकी मलाही जमते. आयसीएलमध्ये कॉर्नियाला हात लागत नाही. आयरिसमागे, म्हणजे डोळ्याच्या रंगीत भागामागे, भिंग बसवतात आणि गरज पडली तर काढताही येतं. मात्र डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जागा पुरेशी आहे का, हे मोजून घ्या.

आता एफडी. ती मोडू नका, निदान आत्ता तरी. तुमची आरोग्य विमा पॉलिसी सव्वादोन वर्षांची आहे, असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय. माझ्या मते सगळ्यात कामाची ओळ तीच. नंबर घालवण्याच्या उपचाराचा खर्च विमा कंपन्या वगळतात, पण तो 7.5 पेक्षा कमी नंबरासाठी. तुमचे दोन्ही डोळे त्याच्या वर आहेत. पण म्हणून लगेच पैसे मिळतीलच असं नाही. पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराचा प्रतीक्षा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो, म्हणजे कदाचित अजून नऊ महिने. पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये चष्म्याचा नंबर लिहिला होता का, तेही तपासा. लपवला असेल तर क्लेम तिथेच अडकेल. कंपनीला ईमेल करून आयसीएल बसतं का, भिंगाच्या किमतीवर मर्यादा आहे का, हे लेखी मागवा. एजंटच्या तोंडी ‘हो’वर जाऊ नका.

नऊ महिने चष्मा तुम्हाला नवा नाही. रोपं मात्र वेळेवरच लागतात.

आणि वर्षाला डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) तपासणीचे पैसे बाजूला काढत चला. ऑपरेशनने नंबर जातो, पण मोठ्या उणे नंबराचा लांबट डोळा लांबटच राहतो. पडदा सुटण्याची जोखीम त्यामुळे कायम असते.