ॲप उडवलं, खातं तसंच
प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेपुरती टॉवेल-चादरींची जाहिरात गुगल ॲड्सवर दिली होती. आता नको. फोनमधलं ॲप उडवलं. पोरगा म्हणतो, तेवढ्यानं भागत नाही. खरं का?
— एक चादर विक्रेता, सोलापूर

उत्तर : पोरगा बरोबर आहे, काका. पाटी उतरवली म्हणून गाळ्याचं भाडं थांबतं का? पैसे कापले जातात ते मुख्य कार्ड आधी काढायला जाल तर निघणार नाही, त्याजागी दुसरं लावावं लागतं. म्हणून गुगल ॲड्सच्या सेटिंगमध्ये जाऊन खातंच रद्द करा. जाहिराती थांबायला २४ तास लागू शकतात. तेवढ्यातले क्लिक तुमच्याच माथी. थकबाकी कापली जाते, आगाऊ भरलेले उरले तर परत मिळतात. बिलं मात्र आधी उतरवून घ्या, सीए मार्चमध्ये मागतोच. पुढच्या जानेवारीत यात्रेला वाटलं, तर हेच खातं पुन्हा चालू करता येतं.