टीजीएत ४६ टक्के उरलं म्हणून लिग्निन उष्णतेला टिकतं असं लिहू का? आधी राख मोजा

प्रश्न थोडक्यात असा: निलगिरीचं लाकूड क्राफ्ट पद्धतीने, म्हणजे कॉस्टिक आणि सल्फाइडमध्ये, शिजवल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्यातून (ब्लॅक लिकर) ॲसिडने लिग्निन (लाकडातले तंतू जोडून धरणारा पदार्थ) काढलं, नायट्रोजनमध्ये टीजीए (तापवत नेऊन वजन किती घटतं ते मोजणं) केला, ८०० अंशांला ४६ टक्के शिल्लक राहिलं. प्रबंधात 'उष्णतेला अत्यंत स्थिर' असं लिहू का, आणि डीएससीत (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) ग्लास ट्रांझिशन (कडक माल मऊ पडायला लागतो तो टप्पा) का दिसत नाही?

लिहू नका. राख, म्हणजे हवेत जाळल्यावर न जळता उरतं ते, मोजलीत का? प्रश्नात तिचा उल्लेख नाही, म्हणजे मोजलेली नसणार. ह्याच एका आकड्यावरून माझं आणि माझ्या साडूंचं पंचवीसएक वर्षं वाजलेलं आहे, म्हणून एवढं लिहायला बसलो.

मी तेव्हा बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात लॅब सांभाळायचो. साडू तिथेच विक्री बघायचे. नोकरी त्यांनीच लावून दिलेली, त्यामुळे माझा आवाज मुळातच खालचा. मालकांच्या डोक्यात आलं की पेंढा आणि बगॅस (उसाची चिपाडं) शिजवणाऱ्या कागद गिरणीतून ब्लॅक लिकर फुकटात आणायचं, लिग्निन काढायचं आणि ब्रेक लायनिंगच्या रेझिनवाल्यांना विकायचं. रेझिनमध्ये फिनॉलचा काही भाग कमी करून लिग्निन घालता येतं, ते खरंच आहे. त्या गिरणीला रिकव्हरी बॉयलर नव्हता. तेव्हा बऱ्याच लहान गिरण्यांना नसायचा, काळं पाणी सरळ नाल्यात जायचं. (मोठ्या गिरण्यांत हा माल कचरा नसतोच. लिकर आटवून ह्याच बॉयलरमध्ये जाळतात, वाफ मिळते, सोडा परत मिळतो. सुकं लिग्निन किलोला २५ मेगाज्यूलच्या आसपास देतं, बऱ्यापैकी कोळशाइतकं. प्रबंधात 'टाकाऊ' हा शब्द जपून वापरा.)

पहिल्या दिवशी आम्ही गार लिकरमध्येच सल्फ्युरिक ओतलं. शेवाळासारखा बुळबुळीत गाळ झाला आणि फिल्टरचं कापड दहा मिनिटांत तुंबलं. लिकर ६०-७० अंशांवर ठेवलं की कण एकमेकांना धरून मोठे होतात आणि पाणी सुटतं, दूध फाटल्यावर सुटतं तसं. फार तापवलंत तर मात्र डांबर. हे आम्ही दोन कापडं फुकट घालवून शिकलो. पण ॲसिड महाग म्हणून मालकांनी पीएच सातावरच थांबवायला लावलं, आणि गाळ धुवायचं पाणीही मोजून. मी दर वेळी तोंड उघडलं की उत्तर एकच, "चालशे."

टीजीए बाहेरून करून आणला. ८०० अंशांला ५२ टक्के शिल्लक. साडू तो आलेख हातात घेऊन कारखानाभर फिरले. 'उष्णतारोधक लिग्निन' असं माहितीपत्रकही छापायला गेलं, रिपोर्टवर फक्त माझी सही हवी होती.

शनिवारी सगळे गेल्यावर मी नमुना क्रुसिबलमध्ये घेतला आणि मफल भट्टीमध्ये ५२५ अंशांवर, हवेत, वजन स्थिर होईपर्यंत ठेवला. काळं सगळं गेलं, करडी राख उरली ती २४ टक्के! म्हणजे शंभरातले चोवीस भाग लिग्निन कधी नव्हतेच. उरलेल्या ७६ भागांतून टीजीएत शिल्लक राहिले २८, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. कुठल्याही साध्या लिग्निनचं राहतं तेवढंच. बाकी सगळा पल्पिंगचा (लगदा शिजवण्याचा) सोडा आणि पेंढ्याची सिलिका. कॉस्टिकमध्ये पेंढ्यातली सिलिका विरघळते आणि पीएच खाली आणला की लिग्निनबरोबरच खाली बसते. सोडियम धुऊन जातं, ही बया जात नाही.

साडूंचा लिटमसवर विश्वास नव्हता. त्या आठवड्यात दांडिया बाजारात आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मी राखेची पुडी आणली, वाटीत पाणी घालून ढवळली आणि एक थेंब तबकातल्या हळदीवर टाकला. हळदीचं तिथल्या तिथे कुंकू झालं. "हा तुमचा उष्णतारोधक माल," मी म्हटलं, "धुण्याचा सोडा." बायकांनी हळद नासली म्हणून मलाच झापलं. साडू शांतपणे पन्हं संपवत म्हणाले, "राख का असेना, उरतं ना? उरतं ते टिकतं."

ह्या न्यायाने गोवरीइतकं टिकाऊ जगात काही नाही. तेव्हा हे सुचलं नाही, आता लिहून ठेवतो. मी रिपोर्टवर राखेचा आकडा पहिल्या ओळीत घातला, गिऱ्हाईक गेलं, आणि आजही गणपतीत आरती झाली की "ह्याच्यामुळे ते काम बुडालं" हे प्रसादाबरोबर मिळतं.

आता तुमचं. शेवटी किती उरलं ही स्थिरता नव्हे. मोडायला कधी लागलं ते बघा. लिग्निनमधले ईथर बंध कच्चे, ते २०० अंशांच्या आसपासच सुटायला लागतात. वेग सगळ्यात जास्त साधारण ३५० ते ४०० ला, आणि मग शेपूट लांबच लांब. सेल्युलोज उशिरा सुरू होऊन झटक्यात उडतं. लिग्निन लवकर सुरू होतं आणि रेंगाळतं, कारण बेंझिनची कडी एकमेकांना चिकटून कोळसा होत जातो. म्हणून उरतं जास्त. ५ टक्के वजन किती अंशांला गेलं (सुकल्यानंतरचं, ओलाव्याचं धरू नका), वेगाचं शिखर कुठे आणि राख वजा करून शिल्लक किती, हे तीन आकडे द्या आणि विशेषणं गाईडसाहेबांवर सोडा. विशेषणासाठी ते अडून बसले तर मफल दाखवा. मी सही करण्याआधी दाखवली होती, मला त्याचा पश्चात्ताप नाही.

डीएससीचं म्हणाल तर बहुधा ओलाव्याचं शिखर ग्लास ट्रांझिशनची पायरी झाकतंय. पहिल्या फेरीत सुकवून गार करा, दुसऱ्या फेरीत बघा. क्राफ्ट लिग्निनची पायरी बहुतेक ११० ते १६० अंशांत असते, पुसट असते. पहिल्या फेरीत २०० च्या जवळ जाऊ नका, माल बदलतो.

हो, माझी गोष्ट पेंढ्याची, तुमची लाकडाची. निलगिरीत सिलिका फारच कमी, त्यामुळे तुमची राख मुख्यतः सोडियमचीच निघेल. पीएच २-३ पर्यंत नेऊन आम्लाच्या पाण्याने धुतलंत तर बरीच जाईल. हे सोडियम लिग्निन मोडण्याचं तापमानही सरकवतं, तेव्हा धुतलेल्या नमुन्याचा टीजीए परत करावा लागेल. आणि ८०० अंशांला क्षार जसेच्या तसे राहत नाहीत, म्हणून वरची वजाबाकी अंदाजाचीच धरा, माझीसुद्धा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आमचं लिकर नुसत्या कॉस्टिकचं होतं, तुमच्यात सल्फाइड आहे. ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास गेलासा वाटतो. फ्यूम हूडमध्येच करा, एकट्याने नको, थेंब थेंब.

राखेचा आकडा आला की इथेच लिहा. यंदा गणपतीत साडूंना दाखवायचाय.